गुरूमामा खाली बघून चालत

दुकानांच्या फळ्या उघडायच्या आधी, लातूरच्या बाजारात गुरूमामा मान खाली घालून चालायचे. शाळेच्या मैदानापासून गंजगोलाईपर्यंत, रस्त्याच्या डाव्या अंगाने जात आणि उजव्या अंगाने परत येत. मध्येच थांबून काठीच्या टोकाने माती उकरत. झाडणाऱ्या बायका त्यांना पाहिलं की झाडू बाजूला धरत, दूधवाले सायकलवरून उतरत. ते काय शोधत होते ते सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. ते कुठे आहे, हे मात्र एकट्या मला ठाऊक होतं. दोन वर्षं मी ते कुणालाच सांगितलं नाही.

त्याआधीचे मामा खाली बघणारे नव्हते. उदगीरहून येऊन त्यांनी लातुरात आडत दुकान थाटलं होतं. उंचेपुरे, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, आणि आवाज असा की पलीकडच्या डाळमिलमधल्या हमालानेही ओ द्यावी. लातूर नव्याने जिल्हा झालं तेव्हा त्यांना स्वतःलाच बढती मिळाल्यासारखं वाटलं. मामींनी भाजीत मीठ जास्त घातलं तरी म्हणायचे, "जिल्ह्याच्या गावाला शोभल असं रांधा की जरा!" मी नांदेडजवळच्या विष्णुपुरीहून पोरांना घेऊन गेले की दारातच मला चिडवायचे, "ये गं सुमे. नांदेड जुना जिल्हा हाय, हाव. पण आता आमी काय कमी न्हाईत."

त्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा दुष्काळ दारापर्यंत आला होता. टँकर एक दिवसाआड यायचा. मामांनी घरात कायदा केला होता, प्रत्येकाला अंघोळीला एक तांब्या. पोरांनी परातीत बसून अंघोळ करायची आणि परातीतलं पाणी परसातल्या बेलाला घालायचं. माझी उमा सात वर्षांची, महेश चारचा. त्यांना तो खेळच वाटायचा. मामा स्वतः पंचा ओला करून अंग पुसायचे आणि उरलेलं पाणी लिंगपूजेला ठेवायचे. "मानसाला कमी पडलं तर चालतंय. देवाला तोंडानं मागता येत न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

आमच्या लिंगायत घरांत गळ्यातलं लिंग माणसाच्या देहाबरोबरच मातीत जातं. मामांचं लिंग चांदीच्या छोट्या डबीत, शिवदाऱ्यात, म्हणजे गळ्यातल्या दोऱ्यात ओवलेलं असे. आठव्या वर्षी मठाच्या तेव्हाच्या स्वामींनी दिलेलं. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय त्यांनी पाण्याचा घोट घेतलेला कुणी पाहिला नव्हता. तापाने फणफणलेले असतानाही नाही. तळहातावर ते ठेवलं की त्यांचा तो दांडगा आवाज एकदम आईच्या आवाजासारखा व्हायचा.

व्यापाऱ्यांनी नव्या जिल्ह्याच्या हौसेपायी त्या रविवारी 'मौजेची दौड' ठेवली होती. नंबर नाही, बक्षीस नाही. घरच्यांनी पोराबाळांसकट मैदानापासून गंजगोलाईपर्यंत पळायचं आणि शेवटी सरबत प्यायचं. अर्धं गाव सरबतासाठीच आलं होतं, हे सांगायला हरकत नाही. मामा पहाटेच पूजा आटोपून, धोतराचा काचा मारून तयार. शिट्टी वाजली तशी त्यांनी महेशला खांद्यावर घेतलं. मी म्हटलं, "मामा, साठीला आलात. दमानं." ते ओरडले, "दमानं कसलं? जिल्हा पळून राहिला अन् मी चालू व्हय?" आणि खरंच पळाले. महेश त्यांच्या खांद्यावर खिदळत होता, टाचा मारत होता. उमा आणि मी हसत मागे राहिलो. मामांना इतकं आनंदात मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

घरी येऊन मामा पाटावर बसले. मामींनी ताट वाढलं. मामांचा हात सवयीने छातीकडे गेला आणि तिथेच राहिला. "लिंग गेलं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. ताट सरकवून उठले आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसले. लिंग गेलं की अन्नपाणी वर्ज्य, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मग शोध सुरू झाला. हमाल डाळीच्या चाळण्या घेऊन रस्त्यावर उतरले. मैदानापासून गंजगोलाईपर्यंतची धूळ त्यांनी हाताहाताने चाळली. खिळे निघाले, बिल्ले निघाले, एका पोरीचं पैंजण निघालं. संध्याकाळी स्वामी आले आणि म्हणाले, दुसरं लिंग देतो. मामा म्हणाले, "लेकरू हरवलं तर दुसरं आणून मांडीवर ठेवत्यात का, स्वामी?" मेचं ऊन, आणि पाण्याचा थेंब नाही. सोमवारी दुपारी त्यांचे ओठ फुटले. मामी मला म्हणाल्या, "सुमे, तू लेकरं घिऊन जा बाई. हितं त्यांच्यापुढं पाणी प्याया बी जीव हुईना."

मी विष्णुपुरीला आले. संध्याकाळी पोरांचे कपडे भिजत घालताना महेशच्या चड्डीच्या खिशातून ती चांदीची डबी निघाली. तुटलेला शिवदारा तिच्याभोवती गुंडाळलेला. "तुटलं," महेश म्हणाला. "आजोबा पळत होते ना, म्हणून मी ठिवलं." आणि नंतर सगळे रडू लागल्यावर तो घाबरून गप्प बसला होता. आम्ही शहाण्यांनी सगळा रस्ता चाळला. खांद्यावर बसलेल्या पोराचा खिसा चाचपायचं मात्र एकालाही सुचलं नाही. लहान मूल लिंगाला हात लावेल, हेच कुणाच्या मनात येईना.

मंगळवारी पहिल्या एसटीने मी लातूर गाठलं. डबी पदरात बांधलेली. दारात मामी भेटल्या, त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. पहाटे मामांची शुद्ध हरपायला लागली तेव्हा स्वामींनी गुरूची आण घालून नवं लिंग त्यांच्या हातावर ठेवलं होतं. मामा पाणी प्याले होते.

मी आत गेले. मामा खाटेवर पडून होते. मला बघून म्हणाले, "हरलो गं पोरी. येक दिस अजून धीर धराया पायजे हुता."

माझा हात पदराच्या गाठीवर होता. आत्ता दिलं तर हा माणूस म्हणेल, चार घटका थांबलो असतो तर! नवं लिंग उतरवता येणार नाही, जुनं सोडवणार नाही, आणि महेशच्या नावाला घराण्यात कायमचा बट्टा लागेल. यातलं नेमकं कोणतं भय मोठं होतं, हे मी आजही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. मी म्हटलं, "तुम्हाला बघायला आले, मामा." आणि डबी तशीच परत नेली. लुगड्यांखाली, ट्रंकेच्या तळाशी ठेवली.

मामा सावरले, पण दुकान भाच्यावर सोडलं आणि ते पहाटेचं चालणं सुरू झालं. मला वाटायचं, हार त्यांना टोचते आहे. दोन वर्षांनी ते अंथरुणाला खिळले तेव्हा भेटायला गेले. पायाशी बसून मी म्हटलं, "मामा, सोडा ना आता तो नाद. नवं आहे की गळ्यात."

"ह्याची पूजा मी करतो की," ते म्हणाले. "पर ते कुठं पडलंय कुनास ठावं. कुनाला घावलं असंल तर त्यानं रोज दोन थेंब पानी घालावं, येवढंच. मी हितं पानी पिऊन राहिलो अन् ते तहानलेलं असंल गं."

मला तिथे बसवेना. मी तशीच उठले आणि एसटी गाठली. घरी आल्या आल्या ट्रंक उपसली, डबी उघडली, आणि दोन वर्षं कोरड्या पडलेल्या त्या लिंगावर पाणी घातलं. येत्या सोमवारी जाऊन मामांच्या हातात द्यायचं ठरवलं. मग ते काहीही म्हणोत. शनिवारी तार आली.

मी पोचले तेव्हा मामांना बसवून भस्म लावलं होतं, डाव्या तळहातावर नवं लिंग ठेवलं होतं. मी डबी मुठीत धरून त्यांच्यासमोर उभी राहिले. माणसं मागून ढकलत होती. मी हात जोडले आणि बाजूला झाले. सगळ्यांदेखत मूठ उघडवली नाही.

तेव्हापासून मी रोज सकाळी दोन लिंगांची पूजा करते. आधी मामांचं, मग माझं, मग पाणी. महेशला आता पोरं आहेत. परवा त्याने विचारलं, "आई, हे दुसरं कुणाचं?" मी म्हटलं, "एका मोठ्या माणसाचं आहे. माझ्यामागे तूच त्याला पाणी घालायचं." त्याने लगेच हो म्हटलं आणि डबी हातात घेऊन, ती पहिल्यांदाच बघत असल्यासारखी उलटसुलट करून पाहिली.