वजनावर घेतलेला मॉनिटर

सोमवारी सकाळी बबिताचा मॉनिटर काळा पडला, तो पुन्हा उजळलाच नाही. बटण दाबून झालं, वायर काढून फुंकर मारून झाली. शेवटी तिच्या सासऱ्यानं, आश्रुबानं, वरून दोन चापट्या दिल्या. परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चाळीस वर्षं हमाली केलेला माणूस. त्याच्या चापटीनं अडलेला वजनकाटा सुरू व्हायचा. मॉनिटर काही सुरू झाला नाही.

बबिता झरी गावातल्या घरी बसून परभणीच्या एका गणिताच्या क्लासचे पेपर टाइप करून द्यायची. नवरा पुण्याकडं कंपनीत, पदरात आठ महिन्यांची लेक. महिनाभर जुना पडदा लुकलुकत होता. गेल्या आठवड्यात त्या लुकलुकीत एका गणितातलं दशांशाचं टिंब निसटलं. अडीचचे पंचवीस झाले. क्लासच्या सरांनी फोनवर एवढंच सांगितलं, "ताई, आणखी एक चूक झाली तर काम दुसरीकडं देतो." नवा पेपर मंगळवारी सकाळी पोचवायचा होता.

"मामा, दुसरा मॉनिटर आणायला परभणीला तुमालाच जावं लागतंय," बबिता म्हणाली. "लेकरू तापलंय, मला निघता येईना."

"जातो की. मोंढ्याची वाट काय नवी हाय का?"

तिनं रुमालाच्या गाठीत पेनड्राइव्ह बांधून दिला. "ह्याच्यात एक पेपर हाय. दुकानदाराला म्हणा, पडद्यावर लावा. टिंबं नीट दिसतेत का तेवढं बघा. चार हजाराच्या वर जाऊ नका. आन् चष्मा घ्या."

"घेतो."

रुमाल घेतला, पैसे घेतले, पिशवी घेतली. चष्मा कोनाड्यातच राहिला.

स्टेशनच्या रस्त्याला राजेश्वरअप्पांचं जुन्या-नव्या कॉम्प्युटरचं दुकान होतं. अप्पांनी तीन मॉनिटर मांडले आणि पेनड्राइव्ह लावून तिन्हींवर तोच पेपर उघडला. "बघा बाबा, कोणता पटतोय."

आश्रुबानं बघितलं. तीन पांढरे चौकोन, त्यावर मुंग्यांची रांग. त्याचा हात वरच्या खिशाकडं गेला. खिसा रिकामा.

चष्मा विसरलो, एवढंच म्हणायचं होतं. ते त्याच्या तोंडून निघेना. मोंढ्यात पोती ओढायचा लोखंडी आकडा घरी विसरून आलेल्या हमालाला दिवसभर हसत. "नवरदेव बाशिंग इसरून आला," म्हणत. चाळीस वर्षांत आश्रुबा एकदाही आकडा विसरला नव्हता.

मग त्यानं त्याला येत होतं ते केलं. पहिला मॉनिटर दोन्ही हातांनी उचलून तोलला. खाली ठेवला. दुसरा उचलला. तिसरा उचलला.

अप्पा बघत राहिले. "बाबा, हे दुकान हाय, आडत न्हाई. उचलून काय बघायलाव?"

"माल बघायलोय."

पोतं पाठीवर घ्यायच्या आधी त्याचा कोपरा उचलायचा, ही हमालाची रीत. भरला दाणा हाताला लगेच कळतो. पोचट सोयाबीनचं पोतं दिसायला फुगीर असतं, पण हाताला पोकळ लागतं. पहिला मॉनिटर तसाच होता. नवा, पातळ, मोठा, आणि वजन म्हणून नाही. दुसराही हलकाच. तिसरा जुना, आकारानं लहान, पण हातात आला की भरल्यासारखा वाटत होता. शिवाय सगळ्यांत स्वस्त.

"हा द्या."

"तो जुना माल हाय, बाबा. पहिला घ्या. नवा हाय, चार हजारात बसतोय, वरून गॅरंटी."

"हलकं म्हंजे पोचट."

"कॉम्प्युटरमंदी दाणा असतोय का?" अप्पा हसले. "बरं, तुमची मर्जी. सूनबाईला न्हाई पटला तर आज दुकान बंद व्हायच्या आत आणा. उद्या मी बदलून देणार न्हाई."

विकणारा महागाचंच नाव घेणार, असं मनाशी म्हणत आश्रुबानं खोकं उचललं. जिंतूरच्या बसमध्ये ते मांडीवर धरून बसला. झरीच्या फाट्यापासून घरापर्यंत दोनदा ते खाली टेकवून थांबला. एके काळी क्विंटलाचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचा. आता उजवा गुडघा सांगेल तेवढंच चालायचं.

बबितानं वायर जोडली. पडदा उजळला, पण जुन्या धोतरासारखा पिवळट. ती पुढं वाकली, आणखी वाकली.

"दिसतंय का?" आश्रुबानं विचारलं.

"दिसतंय की, मामा." तिचं नाक काचेला टेकायचंच बाकी होतं.

त्यानं कोनाड्यातला चष्मा घातला आणि तिच्या खांद्यावरून बघितलं. आकडे होते. टिंबं कुठं होती, कुठं नव्हती. उद्याच्या पेपरात पुन्हा अडीचचे पंचवीस होणार, हे चौथी शिकलेल्या माणसालाही दिसत होतं.

"एवढं जड काय हाय ह्याच्यात?" म्हणत बबितानं पडदा वर करायला खालचं बूड फिरवलं, तर ते निघून तिच्या हातात आलं. हात खाली गेला. "अगं माय! समदं लोखंड ह्याच्यातच हाय."

आश्रुबानं एका हातात बूड घेतलं, दुसऱ्या हातात पडदा. पडदा हलका होता. दाण्याच्या पोत्यात तळाला भरलेले खडे त्यानं कितीदा पकडून दिले होते. इथं तर कुणी फसवलंही नव्हतं.

"चष्मा नेला न्हवता ना?"

त्यानं पडदा अलगद खाली ठेवला.

"असू द्या, मामा. भागवते मी. पुन्हा कुठं हेलपाटा घालता?"

मोंढ्यात पोत्यांची थप्पी चुकीची लागली तर ज्यानं लावली त्यानंच ती उतरवायची आणि पुन्हा लावायची. त्याची मजुरी नसते. जेवणाची सुट्टी झाली, पाठ मोडली, कुणी विचारत नाही. आश्रुबानं बूड पुन्हा बसवलं, मॉनिटर खोक्यात ठेवला आणि सुतळी आवळली. चष्मा या वेळी नाकावरच होता.

"भाकर तरी खा."

"आल्यावर."

अप्पांनी खोकं बघितलं आणि हसू दाबलं. "आता पुन्हा तोलून दाखवू का, बाबा?"

"पेपर लावा," आश्रुबा म्हणाला. रुमालाच्या गाठीतला पेनड्राइव्ह पुढं करत म्हणाला, "सकाळी चष्मा इसरलो होतो."

"मंग तवाच म्हणायचं की! माझा दिला असता." अप्पांनी गल्ल्यावरचा स्वतःचा चष्मा उचलून दाखवला.

दोन मॉनिटर समोर होते. त्यानं स्टूल ओढलं आणि बोटानं एकेक गणित वाचत गेला. पहिल्यावर वीस गणितं, मग दुसऱ्यावर तीच वीस. मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. अप्पांनी पंखा त्याच्याकडं वळवला. दुसऱ्या मॉनिटरवर अकराव्या गणितातलं टिंब अंधुक होतं. पहिल्यावर सगळी होती. त्यानं वरचे पैसे दिले आणि पहिला, हलका, घेतला.

झरीत उतरला तेव्हा ऊन कललं होतं. खोक्याला वजन नव्हतं, तरी तो पुन्हा दोनदा थांबलाच.

बबितानं पडदा लावला आणि टाइप करायला बसली. आश्रुबा भिंतीला टेकून खाली बसला, गुडघा लांब केला. भाकरीची ताटली शेजारी तशीच होती. दिसतंय का, हे त्यानं विचारलं नाही. ती ताठ बसून टाइप करत होती, आणि पडद्याकडं एकदाही वाकली नाही. ते बघता बघता त्याचा डोळा लागला, चष्म्यासकट.