गाडी डावीकडेच पडायची

माझ्या डाव्या पायाचा पंजा आता वर उचलत नाही. चालताना तो फरशीवर चपकन आपटतो आणि लोक वळून बघतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बराच वेळ गाडीबद्दल बोलणार आहे. दीड वर्ष मी स्वतःशीही तेच केलं. पाय हातचा जात होता आणि मी गाडी जपत होतो.

गाडी म्हणजे मोटरसायकल, चांगली दोनशे किलोच्या वरची. पन्नाशी उलटल्यावर घेतली. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचं, चिकपेटात साड्यांचं घाऊक दुकान, आणि घरात कुणी स्कूटरच्या पुढे गेलेलं नाही. थोरला भाऊ म्हणाला, "ह्या वयात काय हे खूळ?" मग तर त्याच्या नाकावर टिच्चून घेतली. रविवारी सकाळी येलहंक्यातल्या घरून निघायचं, देवनहळ्ळीपर्यंत जाऊन इडली खायची आणि परत यायचं, एवढाच माझा पराक्रम. पण त्या दोन तासांत मी कुणाचा दुकानदार नसायचो.

ती पहिल्यांदा पडली घराच्या फाटकाशी, उभ्या उभ्या. थांबलो, डावा पाय टेकला, घोटा आतल्या आत मुडपला आणि गाडी कलली. जड गाडी एका हद्दीपर्यंत ऐकते, त्यापुढे पैलवान असला तरी तिला धरू शकत नाही. क्लचचा दांडा तुटला आणि इंजिनच्या कव्हरवर बोटभर लांब ओरखडा उठला. शेजारी धावत आले. "वाळू होती," मी म्हणालो. बेंगळूरात कुठल्याही फाटकासमोर कुणाच्या ना कुणाच्या बांधकामाची वाळू पडलेली असतेच, त्यामुळे माझं खोटं सहज खपलं. तो ओरखडा मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

येलहंक्याच्या जुन्या बाजूला आमच्यासारखाच घरी मराठी बोलणारा एक मेकॅनिक आहे. माझ्याच वयाचा, पण मला अण्णा म्हणतो. त्याने कव्हर बदललं आणि इंजिनच्या दोन्ही बाजूंना जाड नळीचे क्रॅश गार्ड बसवले. गाडी पडली तर आधी नळी जमिनीला लागते आणि इंजिन अधांतरी राहतं. मी गुडघ्यावर बसून खालून बघितलं आणि मला फार बरं वाटलं.

दुसऱ्यांदा पडली उड्डाणपुलाखालच्या सिग्नलला. मागून हॉर्नचा नुसता गोंगाट. दोन रिक्षावाल्यांनी उतरून उचलायला हात लावला. "सर, स्वल्प नोडकोंडु," त्यातला एक म्हणाला, म्हणजे जरा बघून. या वेळी दोष सीटच्या उंचीचा ठरला. सीटमधला फोम कापून घेतला, मुठींपुढे हँड गार्ड लावले. तिसऱ्यांदा दोष बुटांचा, चौथ्यांदा उताराचा. साइड स्टँडखाली रुंद पत्रा आला, चेसिसला नायलॉनचे ठोकळे आले. गाडी चिलखत चढवल्यासारखी दिसायला लागली. थोरला म्हणाला, "युद्धाला निघालाय काय?" मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही.

मधेच गिअर वर पडेनासे झाले. बोटांनी दांडा वर उचलायला जायचो, तो जागचा हलायचा नाही. मी मेकॅनिकवरच भडकलो, की लिंकेज नीट बसवता येत नाही का तुला. तो बिचारा दोनदा तेल घालून बघत बसला आणि शेवटी त्याने दुतोंडी दांडा लावून दिला, ज्यावर मागून टाच दाबली की गिअर वर जातो. टाच दाबायला मला काहीच त्रास नव्हता. झालं, प्रश्न सुटला!

आता दुकानाबद्दल सांगायला हवं. चिकपेटात आम्ही अजून गादीवर बसतो. पांढरी चादर, पाठीशी लोड, समोर साड्यांचे ढीग. डावा पाय खाली, उजवा त्याच्यावर, सकाळी दहापासून. तीस वर्षं माझी हीच बैठक. उठताना पाय बधिर झालेला असतो, मग भिंतीला धरून दोन मिनिटं उभं राहायचं, मुंग्या जाऊ द्यायच्या, की सरी, म्हणजे सगळं ठीक. वडील असंच करायचे, गल्लीतले सगळे असंच करतात. त्यामुळे त्या वर्षी दोन मिनिटांची दहा झाली, त्याचं मला काही वाटलं नाही. एकदा भाजी घेऊन आलो तर डाव्या पायात चप्पलच नव्हती. बायको हसून हसून दमली. मग एकदम हसायची थांबली आणि म्हणाली, "अहो, कळलं कसं नाही तुम्हाला?"

"चप्पल सैल आहे," मी म्हणालो.

देवनहळ्ळीला भाचीचा साखरपुडा होता. बायकोला कारने जायचं होतं. मी हट्टाने गाडी काढली. ती मागे एका बाजूला पाय सोडून बसली, नेसलेली साडी आमच्याच दुकानातली, मोतिया रंगाची. गावाच्या अलीकडे पेट्रोल बंकवर थांबलो. पेट्रोल भरून चार हात पुढे आलो, पुढची कार थांबली म्हणून पाय टेकला, आणि तो पाय माझा नव्हताच. आम्ही तिघंही डावीकडे गेलो.

मी उठलो आणि वाकून आधी इंजिन बघितलं. गार्ड घासला होता, इंजिनला धक्का नव्हता. "वाचली!" मी मोठ्याने म्हणालो. आनंदाने म्हणालो, हे मला पक्कं आठवतं.

"मी पण पडले की हो," बायको म्हणाली.

ती जमिनीवर बसली होती, उजवं मनगट डाव्या हातात धरून. साडीला तेल लागलं होतं. तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मी भांडलो तरी असतो. मनगटाचं हाड मोडलं होतं, साखरपुडा राहिला, आणि दवाखान्यातल्या बाकावर ती मला एवढंच म्हणाली, "गाडी घरी कशी नेणार?" अजून ते आठवलं की मला स्वतःची शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे गेलो ते गार्ड बदलायला. आणखी जाड नळीचा हवा होता. तो बराच वेळ गाडीभोवती फिरला.

"अण्णा, राग मानू नका. हिकडं या. उजवा गार्ड बघा."

उजव्या गार्डावर कंपनीचा स्टिकर अजून तसाच होता, कोपराही उचकटला नव्हता.

"आता डावा."

डाव्याचा रंग जाऊन धातू उघडा पडला होता. डावीकडचा हँड गार्ड झिजलेला, डावीकडचा नायलॉनचा ठोकळा निम्मा उरलेला.

"पाय लोक डावाच टेकतात, म्हणून डावीकडं जास्ती पडते, ते खरं. पण दीड वर्षात एकदा पण उजवीकडं नाय? गाडीत काय दोष नाय, अण्णा. बूट काढा. टाचांवर उभं राहा स्वल्प."

मी त्याच्या कळकट बाकाला धरून टाचांवर उभा राहिलो. उजव्या पायाची बोटं वर आली. डावी जमिनीलाच. मी दात ओठ खाऊन जोर लावला, मानेच्या शिरा ताठल्या, पण बोटं हलली नाहीत.

"तो टाचेचा दांडा मीच लावून दिला तुम्हाला," तो म्हणाला. "तेव्हाच विचारायला पाहिजे होतं." त्याने हात पुसले. "आता मी हिला काय लावणार नाय. डॉक्टराला दाखवा."

डॉक्टरांनी सुया टोचून तपासण्या केल्या, मग गुडघ्याच्या जरा खाली बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं. इथे नस हाडावरून जाते, अगदी कातडीखालून, आणि माझ्या बैठकीत ती रोज दाबली जात होती. "कधीपासून जाणवतंय?" त्यांनी विचारलं. मला सगळं तारीखवार सांगता आलं. क्रॅश गार्ड कधी बसवला, सीट कधी कापली, दांडा कधी बदलला. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले.

"सुरुवातीला आला असता तर नुसती बैठक बदलून आणि व्यायामानं पुष्कळ परत आलं असतं," ते म्हणाले. "आता फार आशा ठेवू नका."

येताना आम्ही दोघं रिक्षात बसलो. बायकोच्या हाताला प्लॅस्टर होतं, माझ्या पायाला बाहेरून काहीच नव्हतं. बघणाऱ्याला वाटलं असतं मीच तिला दाखवून आणतोय. थोरल्या भावाला कळलं तेव्हा मला वाटलं आता टोमणा येणार. दुसऱ्या दिवशी दुकानात माझ्या गादीच्या जागी खुर्ची होती आणि त्याच्याही जागी खुर्ची होती.

सहा महिने व्यायाम केला. पंजा करंगळीभर उचलतो, कधी तेवढाही नाही. आता बुटाच्या आत प्लॅस्टिकचा पट्टा घालतो, पंजा धरून ठेवायला. गाडी विकायला काढली.

घ्यायला आला तो पुण्याहून नोकरीला आलेला, तिशीचा. कव्हरवर मोबाईलचा उजेड टाकून त्याने इंजिन बारकाईने बघितलं. "काका, इंजिनला एक स्क्रॅच नाहीये! काय मेंटेन केलीये तुम्ही!"

बायको माझ्या शेजारी उभी होती. तिचं मनगट सरळ जुळलेलं नाही, पदर सावरताना दिसतं.

तो गाडीवर बसला आणि सफाईने निघाला. गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर आडवा आला म्हणून थांबला. गाडी थोडी डावीकडे कलली. त्याने डावा पाय टेकला आणि तो पाय तिथे घट्ट उभा राहिला. टँकर जाईपर्यंत तसाच.

"पुरे आता," बायको म्हणाली. "गेली गाडी. तिच्याकडं काय बघत बसलाय?"

"गाडीकडे नाही बघत," मी म्हणालो.

तिने एकदा गल्लीच्या टोकाकडे बघितलं, एकदा माझ्या बुटाकडे, आणि तो वाकडा हात माझ्या दंडाखाली घातला.