चिंताकीचा न जाळलेला माळ

फाल्गुन लागला की आमच्या उदगीरभोवतीचे माळ पेटवले जातात. जुनं जाळलं की कोवळं फुटतं आणि राखेनं जमीन सुधारते, अशी सगळ्यांची खात्री. पण औराद तालुक्यातल्या चिंताकीनं निम्मं गायरान तीन वर्षं न जाळता राखलं होतं, आणि पुढं राखायचं की पेटवायचं हे होळीआधी ठरणार होतं. हे कानावर आलं आणि मी पिशवी भरली.

औरादला सर्व्हिस मोटार जाते, ड्रायव्हरच्या मर्जीनं. सकाळीच अड्ड्यावर जाऊन बसा. जवळ निजामाची हाली नाणी ठेवा, इंग्रजांचा कलदार रुपया पाहिला की चहावाला मोड नाही म्हणतो. औरादला ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी पोटभर मिळाली. पुढं बैलगाडी आणि लाल धूळ.

माळ दुरूनच दुरंगी दिसला. एकीकडं उघडा मुरूम आणि कुसळीची खुरटी बेटं, दुसरीकडं गुडघाभर वाळलेलं मारवेल गवत. ते राखणाऱ्या गौराक्का साठीच्या, निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलणाऱ्या. त्यांच्या अटी तीन : गवत उभं असेतो जनावर सोडायचं नाही, गवत बी गळाल्यावर विळ्यानं कापायचं, मागून चरणाऱ्या जनावरांचं शेण वेचायचं नाही. शेवटच्या अटीवरून गावच्या बायका अजून रुसलेल्या. गोवऱ्या थापायच्या कशाच्या?

दुसऱ्या सकाळी लिंबाखाली गाव जमलं. बिरप्पा धनगर उभा राहिला.

"अक्का, माझी मेंढरं वाळल्या काड्या खातील व्हय? जाळलं की कोवळं येतंय. राखंचं खत बी व्हतंय."

"तुझी राख वाऱ्यानं माझ्या भाकरीवर येती, बिरप्पा. मुळाला किती गावती?"

लोक हसले.

"हसायलाव कामून? उपाशी मेंढरं माझी हायती."

त्याचं खरं होतं. अक्काही हसल्या नव्हत्या. त्या सगळ्यांना माळावर घेऊन गेल्या आणि खुरप्यानं दोन्हीकडं वीतभर उकरलं. जाळलेल्या बाजूची माती फिकी, ढेकूळ दगडासारखं. राखलेल्या बाजूला कुजक्या पाल्याचा थर, खाली मुळांनी विणलेली काळसर माती. मग दोन्हीकडं एकेक तांब्या पाणी ओतलं. जाळलेल्या बाजूचं पाणी थेट बिरप्पाच्या वहाणांपर्यंत धावलं. दुसरीकडचं जागीच जिरलं.

"पाला कुजला, मुळं कुजली, शेण जागंवर राहिलं," अक्का म्हणाल्या. "काडी लावली की तीन वर्सांचं एका सांजंला जातंय."

"मग मेंढरांचं काय?" पाटलांनी विचारलं.

"कापलेलं गवत आधी बिरप्पाला. आन् मेंढरं ह्या उघड्या बाजूला बसवू द्या."

लेंडीखतासाठी इकडं शेतात कळप बसवतात आणि धनगराला ज्वारी देतात. पण गायरानावर?

"माळावर कुणी मेंढरं बसवतंय व्हय?" बिरप्पा म्हणाला.

"कुणी बसवली न्हाईत, म्हणून तर ह्यो असा झालाय."

बिरप्पानं काळं ढेकूळ उचललं, चुरलं, वास घेतला. "ज्वारी गाव देईल?"

पाटलांनी मान डोलावली. होळीला माळ पेटला नाही.

घरी आल्यावर मी थोरल्या भावाला आमचा माळ जाळू नकोस म्हणालो. तो "बघू" म्हणाला. एरवी तो सरळ "न्हाई" म्हणतो. एका माळावरून सगळ्या मुलखाचं सांगता येत नाही, हे मलाही कळतं. परवा चिंताकीचे एक दुकानदार उदगीरच्या बाजारात भेटले. अक्का अजून राखण करतात का, मी विचारलं.

"अक्का घरी बसायलीय निवांत," ते म्हणाले. "आता शेणाला हात लावला की बिरप्पाच काठी घेऊन धावतंय."