न धुतलेली साडी

आज सकाळी पाहिलं तर रताळ्यांचा वाफा रानडुकरांनी पार उकरून टाकला होता, आणि भोवती बांधलेलं माझ्या जुन्या साड्यांचं कुंपण वाऱ्यावर नुसतं डोलत होतं. शेजारच्या काकी बघायला आल्या. त्यांनी एका साडीचा पदर नाकाशी धरला आणि कपाळाला हात लावला.

"अगो, धुऊन बांधल्यास? माणसाचा वास नको यायला? डुकरं काय साडीच्या रंगाला भितात?"

चारचौघांत आपल्या साड्या मळक्या दिसू नयेत, म्हणून मी त्या साबणाने धुऊन, वाळवून मगच बांधल्या होत्या. लहानपणापासून कानावर तेच पडलेलं. बाईच्या जातीला घामाचा वास येता कामा नये.

आता पुरे. दिवसभर उन्हात राबून मी तो वाफा पुन्हा बांधला, नवे वेल लावले. संध्याकाळी घरात जाऊन साडी बदलली आणि घामाने भिजलेली ती तशीच आणून कुंपणाला बांधली, रस्त्याच्या बाजूला. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी नाकं मुरडली तर खुशाल मुरडू देत. इथे कोण राबतं, ते रानाला वासावरून कळू दे.