कोऱ्या रजिस्टरचं ऑडिट

"तीन सीझनमध्ये एकही तक्रार नाही?" इंग्रिडने इंग्रजीत विचारलं आणि कामगारांच्या तक्रारींचं रजिस्टर मिटलं.

पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, त्याखाली 'श्री'. पुढची सगळी पानं कोरी. शेजारी आमचे मालक अण्णा छाती काढून उभे होते. रजिस्टर त्यांनीच कौतुकाने पुढे केलं होतं. मी इंग्रिडचा चेहरा बघितला आणि समजले, आपण नापास होतोय.

आमचा कारखाना सीताफळाचा, अंबाजोगाईच्या अलीकडे. डोंगरातून फळं येतात, बायका गर काढतात, बिया वेगळ्या करतात आणि गोठवलेला गर आइस्क्रीमवाल्यांना जातो. मी तिथे क्वालिटी मॅनेजर. नेदरलँड्सच्या एका कंपनीला आमचा गर हवा होता, पण आधी त्यांचं ऑडिट. म्हणजे त्यांचं माणूस, ही इंग्रिड, येऊन फरशीपासून फ्रीझरपर्यंत सगळं तपासणार आणि आम्ही त्यांना माल द्यायला लायक आहोत का ते ठरवणार. पास झालो तर गर काढायची दुसरी लाइन सुरू होणार होती. तिच्यासाठी चाळीस बायकांनी नावं देऊन ठेवली होती. त्यातल्या निम्म्या रोज मला रस्त्यात गाठून विचारायच्या.

इंग्रिड म्हणाली, "तक्रारच नाही, याचा अर्थ एक तर कोणाला काही दिसत नाही, नाहीतर कोणाला बोलता येत नाही. मला दोन्ही चालणार नाही. उद्या दहाला परत येते."

मी अण्णांना सांगितलं.

"कावून?" अण्णा म्हणाले. "कोरं हाय म्हंजे कारखाना चांगला हाय. आन् तक्रारीच पायजेत आसतील तर संध्याकाळपर्यंत वीस लिहून टाकू की."

सुपरवायझर गणपतराव लगेच तीन रंगांची पेनं घेऊन आले. वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखं वाटलं पाहिजे, म्हणाले. मी पेनं ड्रॉवरमध्ये टाकली.

"खोटं सापडलं तर कायमचे बाद होऊ, अण्णा. मी खऱ्या तक्रारी गोळा करते. तुम्ही फक्त इथून जा."

"मी कावून जाऊ? माझाच कारखाना हाय."

"म्हणूनच."

अण्णा गेले. मी बायकांना टेबलांभोवती जमवलं. "कोणाला काही अडचण आहे का?"

"न्हाई."

"काहीच नाही?"

"लई चांगलं हाय, मॅडम."

कौसाबाई सगळ्यांत जुन्या. त्या जरा रागानेच बोलल्या, "अण्णांनी माझ्या लेकीच्या लग्नाला ट्रॅक्टर दिलता. आता दाराची कडी खराब हाय म्हनून भायेरच्या बाईपुढं त्यांचं नाव घालवू व्हय?"

"कुठल्या दाराची कडी?"

"कुठल्याच न्हाई."

तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. इंग्रिडच्या लेखी तक्रार म्हणजे मदत. आमच्याकडे तक्रार म्हणजे बेइमानी. पण आमच्या बायका तक्रार करत नसल्या तरी सल्ला द्यायला कधीच मागे हटत नाहीत. मी प्रश्न बदलला.

"कौसाबाई, उद्या तुमची सून इथं कामाला आली. पहिल्या दिवशी तिला काय काय सांगाल?"

"तिला? तिला आदी सांगीन, कोल्ड रूममधी जाताना दारात वीट ठेव. कडी आतून उघडत न्हाई, गोठून मरशील."

"हातमोजे ढिले हाईत," पंचशीला म्हणाली. "मनगटाला रबर बांध म्हनावं. माझं दोनदा तुटून पडलतं."

"कुठे पडलं?"

"पहिलं सापडलं, मॅडम."

मी खाली बसले. गरात रबर सापडणं म्हणजे अख्खा कंटेनर परत.

"दोन नंबरच्या टेबलावर भांडं ठिवू नको, पाय हालतोय."

"गणपतराव आले की उगंच फडकं मारायचं."

तासाभरात तेवीस मुद्दे झाले. मी शब्द न बदलता लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी इंग्रिड, अण्णा आणि मी त्याच टेबलांपाशी उभे राहिलो. बायका मान खाली घालून गर काढत होत्या, कान आमच्याकडे. मी एकेक मुद्दा इंग्रजीत वाचत गेले. विटेपाशी इंग्रिडचं पेन थांबलं. रबरापाशी तिने डोळे मिटले. मग सतरावा मुद्दा आला: अण्णा आत येतात तेव्हा जाळी लावत नाहीत, ना डोक्याला, ना मिशीला. त्यांना सांगायचं नाही.

"खरं आहे का, त्यांना विचारा," इंग्रिड म्हणाली.

मला दोन्हीकडचं बोलणं धार बोथट करून सांगायची सवय. आदल्या दिवशी जेवताना ती म्हणाली होती, "फार तिखट आहे, मी खाऊ शकत नाही." अण्णांना मी सांगितलं, पोट भरलं म्हणतात. आज तसं करून भागणार नव्हतं.

"अण्णा, बायका म्हणतात तुम्ही मिशीला जाळी लावत नाही. पाहुण्या विचारतात, खरं का?"

सगळे चमचे थांबले.

"कोन म्हनलं?"

"सगळ्याच."

अण्णांनी टेबलांवरून नजर फिरवली. एकही मान वर नव्हती. त्यांचा हात मिशीकडे गेला. ही मिशी त्यांच्या निवडणुकीच्या पोस्टरवर नावापेक्षा मोठी असते.

"खरं हाय," ते म्हणाले. "मला कुनी सांगितलंच न्हाई."

"सांगायचं न्हाई आसं ठरलंतं," कौसाबाई खालमानेनेच बोलल्या. पंचशीलाला हसू आवरेना. मग कोणालाच आवरेना. अण्णांनी जाळी मागवली आणि सगळ्यांसमोर लावली. मांजराला मुसकं घातल्यासारखे दिसत होते. बोलायची छाती कोणाची झाली नाही.

इंग्रिडने आम्हाला अटींवर पास केलं: महिन्याभरात कडी, टेबल, लहान मापाचे हातमोजे, आणि पुरावा म्हणून फोटो. रिपोर्टमध्ये 'चांगल्या बाबी' खाली तिने लिहिलं, कामगारांना इथले धोके तपशीलवार माहीत आहेत. 'सुधारणा' खाली लिहिलं, ते मालकांनाही कळवावेत.

दुसरी लाइन सुरू झाली. कौसाबाईंची सून तिच्यात आहे.

इंग्रिडचं बोलणं मला पहिल्याच मिनिटात कळलं होतं. कौसाबाईंचं "लई चांगलं हाय" कळायला तीन सीझन लागले.