मावशीने परत मागितलेली पत्रकं

घरात कुणाला धाप लागली आणि समोर दम्याचा पंप आणि तुळशीच्या तेलाची बाटली दोन्ही असतील, तर तुमचा हात आधी कुठे जाईल?

विमलमावशी गेली त्याला सहा आठवडे झाले. तिच्या गावाहून, सोनाळ्याहून फोन आला तेव्हा मी मलकापूरला एका अनोळखी दाराशी उभा होतो, तिच्याच कामासाठी. सकाळी म्हणाली होती, "आज तू जाय, मी थकली..."

ती माझ्या आईची बहीण. तुळस आणि पुदिना लावायची, शेडमध्ये पातेल्याला नळी जोडून वाफेवर तेल काढून विकायची. बौद्धाच्या शेतात तुळस पाहून लोक टोमणे मारत. "पूजा नाही करत बापा, पीक घेतो," म्हणत ती चुलीत लाकूड सारायची. तेलात गुण आहे, हे ती मानायची. म्हणूनच एका कॉलेजातल्या मॅडमकडे तिने ते तपासायला दिलं. काचेच्या ताटलीत जंतूंची वाढ थांबते, एवढंच त्यांनी सांगितलं. पत्रकं वाचत, वाटत वाढलेला मी तेवढ्यावर पेटलो. औषध कंपन्यांच्या लुटीवर एक पिवळं पत्रक लिहिलं आणि शेवटी ठोकून दिलं, 'पंप फेका, तेल लावा, दमा मुळासकट जाईल.' तिला न विचारता मलकापूरच्या बाजारात वाटूनही आलो.

"हे तुले कोनं सांगतलं?" तिने वाचून विचारलं.

"जंतू मरतात ना, मावशी..."

"ताटलीतला मेला म्हून छातीतला मरते काय बे? अन् दमा म्हंजे काय नुसता जंतू हाये?"

पंधरा दिवसांत एका बाईने पत्रक वाचून मुलीचा पंप बंद केला, छातीला निव्वळ तेल चोळलं. मुलीला दवाखान्यात न्यावं लागलं. जीव वाचला. मावशी तिला पाहून आली आणि तिने शेडमधली चूल विझवली. मग आम्ही दोघं दारोदार. "हा कागद खोटा हाये, वापस द्या. पंप सोडू नोका." एक दुकानदार हसला, "आपलाच माल खोटा म्हनता, बाई?" "माल खरा हाये भाऊ, कागद खोटा हाये." तो कागद कुणी लिहिला, हे तिने एकाही दारात सांगितलं नाही. मीही गप्प राहिलो.

तो मी लिहिला. आता दारं संपत नाहीत, पाय चालत नाहीत... ते पिवळं पत्रक तुमच्याकडे असेल तर फाडा. आणि ते वाचून घरात कुणी पंप बंद केला असेल, तर त्याला आजच डॉक्टरकडे न्या.