शाळेला दिलेला कम्प्युटर

अंधेरीच्या आमच्या ऑफिसातले जुने कम्प्युटर भंगारात जाताना हार्ड डिस्क फोडायची पद्धत होती. एक मी गावच्या शाळेसाठी मागून घेतला. आयटीवाल्याला नुसती हाक मारली असती तर त्याने डिस्क कोरी करून दिली असती. पण मला मोठेपणा मिरवायची घाई! आत मेडिक्लेमच्या फायली तशाच राहिल्या. त्यांत ऑफिसातल्याच माझ्या गाववाल्याची केमोची बिलं होती. त्याने घरी काहीच कळू दिलं नव्हतं, आणि त्याची आई त्याच शाळेत खिचडी शिजवते. मास्तरांनी तिला काळजीनेच विचारलं, "पोराची केमो कशी चाललीय?"

तो माझ्यावर ओरडलाही नाही. फोनवर एवढंच म्हणाला, "आई एसटीत बसलीय रे. तिला आणायला टोपी घालून जाऊ, की असाच?"